सुनेनं सांगितलेली तारीख

नेत्रा सरपोतदार खुर्चीत बसली आणि पर्समधून नारिंगी रंगाची गोळ्यांची बाटली काढून तिनं टेबलावर ठेवली. आत चारच गोळ्या उरल्या होत्या.

"माझ्या सासऱ्यांच्या आहेत. रक्त पातळ ठेवायच्या. पुढची बाटली मी ढापली, असं सासूबाईंचं म्हणणं आहे."

"ढापलीत का?" शरयू देवस्थळींनी विचारलं.

"नाही!"

"छान. मग चहा घ्या."

शरयूवहिनींनी तीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये साड्यांच्या दुकानाच्या माडीवर खासगी गुप्तहेराची पाटी लावली. गाडी मात्र त्यांना चालवता येत नसे. गुन्हेगाराचा पाठलाग करायचा झाला, तर आधी दिराला फोन करावा लागे. हा दीर म्हणजे शिव. दिवाळीच्या सुमारास त्याच्या कंपनीची पुनर्रचना झाली होती. म्हणजे कंपनी जागेवर राहिली आणि शिव घरी आला.

नेत्रानं सांगितलं ते असं. दर महिन्याला ती डॉक्टरांच्या क्लिनिकच्या ॲपवरून बाबांच्या गोळ्यांचं रिफिल, म्हणजे पुढची बाटली, मागवते. या वेळी ॲपनं उत्तर दिलं की, रिफिल आठवड्यापूर्वीच दिलेलं आहे. कुणा तरी बाईनं क्लिनिकला फोन करून, 'मी त्यांची सून बोलतेय' असं सांगून ते मागवलं होतं, तेही नेहमीच्या पिस्कॅटवेच्या फार्मसीऐवजी ओक ट्री रोडवरच्या. तिथून बाटली कुणी तरी घेऊनही गेलं.

"डॉक्टर म्हणतात, पहिली बाटली कुठे गेली ते कळल्याशिवाय दुसरी देणार नाही. बाबा विसरून दुप्पट गोळ्या घेत असले तर जिवावर बेतेल. आणि आईंनी रविवारची पुण्याची तिकिटं काढली आहेत. सुनेच्या हातचं औषध नको म्हणे."

"तुमचे मिस्टर?"

"अमित शिकागोजवळ शॉमबर्गला आहे, ऑफिसच्या कामाला. फोनवर म्हणाला, तुम्ही दोघी बघून घ्या."

"म्हणजे त्याला काहीच माहीत नाही," वहिनींनी निकाल दिला. "शिव, गाडी काढ."

क्लिनिकच्या काउंटरवर लता नावाची बाई होती. नेत्राच्या सासऱ्यांची सही असलेली परवानगी पाहिल्यावर तिनं फोनची नोंद उघडली.

"इंग्लिशमध्येच बोलल्या. नाव, गोळीचं नाव, पॉवर, सगळं करेक्ट. फक्त जन्मतारीख आधी एकोणीस नोव्हेंबर सांगितली. मी म्हटलं, मॅच होत नाही. तर हसल्या आणि म्हणाल्या, सॉरी, एक जून. साल तेच, एकोणीसशे पन्नास."

"आणि तुम्ही मान्य केलंत?"

"घाईत होते हो," लता ओशाळली. "सून म्हटल्यावर गोंधळली असेल असं वाटलं. तसे आमच्याकडे एक जूनवाले आजोबा पोत्यानं आहेत. त्या दिवशी बर्थडेचे मेसेज पाठवताना आमची सिस्टिमच झोपते."

शिव हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी लताला आभाराऐवजी खडीसाखरेचा एक खडा दिला.

सरपोतदारांच्या घरी नेत्राच्या सासूबाई, सुवर्णाकाकू, बॅग भरत होत्या. पुण्यात त्यांनी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि त्या अजूनही समोरच्याला शेवटच्या बाकावरचा समजूनच बोलत.

"रिफिल कोण मागवतं? ही. ॲपचा पासवर्ड कुणाकडे? हिच्याकडे. यात डोकं चालवायचं काय राहिलं?"

"काकांची कागदपत्रं कुणी पाहिलीत?"

"ग्रीन कार्डाचे फॉर्म मी आणि नेत्रानं मिळून भरले. तेव्हा बरं चाललं होतं आमचं."

कोपऱ्यात नात इशिता लॅपटॉप घेऊन बसली होती. युनिव्हर्सिटीतून वीकेंडला कपडे धुवायला येई.

"आजोबांचा वाढदिवस कधी असतो ग?" वहिनींनी विचारलं.

"नोव्हेंबर नाइन्टीन्थ. पार्टी केली ना आपण, सेव्हन्टी-फिफ्थ. प्रीतामावशीनं एगलेस केक केला होता."

"मग क्लिनिकमध्ये एक जून कसं नोंदलंय?"

"सीरियसली? दॅट्स अ टायपो. समबडी शुड फिक्स इट."

नेत्राचे सासरे, उल्हासकाका, खिडकीशी बसून बर्फ बघत होते. "प्रीताकडेही चौकशीला जाणार असाल तर तिच्या सासऱ्यांना, तात्यांना, सांगा, आज मॉलमध्ये फेरी मारायला येतो," ते म्हणाले. "त्यांचंही हृदय माझ्यासारखंच. गोळीसुद्धा तीच."

नेत्राची ही मैत्रीण चार घरं पलीकडे राहत होती आणि उल्हासकाकांना अधूनमधून गाडीनं सोडत असे. तिनं दार उघडलं, पोहे पुढे केले आणि नेत्राची बाजू घेतली. "ती असं करणार नाही हो. काकूंचा स्वभाव जरा तसा आहे. क्लिनिकला? छे, मी कधी आत गेलेले नाही. काकांना दारात सोडते नि गाडीतच बसते."

सोफ्यावर तिचे सासरे तात्या बसले होते. ते सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले होते. प्रीताच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून मुक्काम दोन महिने लांबला होता.

"कसं काय वाटतं इथे?" शिवनं विचारलं.

"सगळं उत्तम. गोळ्या तेवढ्या सुट्ट्या. आपल्याकडे कशी पट्टी असते, किती राहिल्या ते दिसतं. हे म्हणजे खुळखुळा!"

समोर टीपॉयवर त्यांच्या प्रवासी विम्याचा फॉर्म पडला होता. शिवनं बशी ठेवायला तो सरकवला. जन्मतारीख एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मलाय, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं आणखी पोहे घेतले.

गाडीत वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी सगळ्यांना नेत्राकडे बोलाव."

"कोण आहे ते कळलं?"

"तुलाही कळलंय. तू ते बशीसाठी बाजूला सरकवलंस."

संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमले. तात्या तेवढे घरी झोपले होते.

"फोन करणारीनं जन्मतारीख आधी चुकीची सांगितली," वहिनींनी सुरुवात केली. "पण ती चूक नव्हतीच. एकोणीस नोव्हेंबर हाच काकांचा खरा वाढदिवस. एक जून शाळेनं दिलेला."

"मास्तरांनी," उल्हासकाका म्हणाले. "वर्गातल्या बावीस जणांना एकदमच जन्माला घातलं त्यांनी."

"आता बघा. नेत्रा दर महिन्याला ॲपवर एक जूनच बघते. काकूंनी फॉर्म भरलेत. या दोघींच्या तोंडी क्लिनिकमध्ये आधी एक जूनच आलं असतं. खरा वाढदिवस आधी सांगितला, तो कागद न पाहिलेल्या माणसानं."

सगळ्यांनी इशिताकडे पाहिलं.

"व्हॉट? मी नाही!"

"ती नाहीच," वहिनी म्हणाल्या. "तिला एक जून टायपो वाटतो. पहिली तारीख चुकल्यावर ती अडकली असती. या बाईला मात्र ठाऊक होतं की, म्हाताऱ्या माणसाची तारीख जुळली नाही तर एक जून सांगून बघावं. कारण तिच्या घरी तसाच एक माणूस आहे. वाढदिवसाला ती हजर होती, काकांची गोळी तिला माहीत होती. आणि सांगलीहून पट्ट्या घेऊन आलेल्या, इथे डॉक्टर नसलेल्या पाहुण्याकडे अमेरिकन खुळखुळा आला कुठून?"

प्रीतानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

"तात्यांच्या गोळ्या संपल्या," ती हळूच म्हणाली. "पार्सल कस्टम्समध्ये अडकलं. विमेवाले म्हणाले, जुना आजार, आम्ही बघणार नाही. माझ्यामुळे राहिले होते ते. मला वाटलं, काकांना महिन्याअखेर आपोआप दुसरी बाटली मिळेल. कुणाला कळणारही नाही."

"अग, मला विचारायचंस!" नेत्रा म्हणाली.

"कुठल्या तोंडानं? महाराष्ट्र मंडळात मीच सांगत फिरते ना, आई-वडिलांना आणायचं तर नीट प्लॅनिंग करावं म्हणून."

"उद्या सकाळी तुम्ही स्वतः डॉक्टरांना सगळं सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "आणि तात्यांनाही तिथे दाखवायचं. दुसऱ्याच्या बाटलीवर माणूस सांभाळत नाहीत. शिव सोडेल."

शिवनं मान डोलावली. त्याला विचारलं नव्हतं, पण ते नेहमीचंच होतं.

प्रीता गेली. सुवर्णाकाकूंनी अर्धी भरलेली बॅग पायानं सोफ्यामागे सरकवली. पस्तीस वर्षांत त्यांनी कुणा विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती. आता सुरुवात करायची म्हणजे सरावच नव्हता.

"नेत्रा," त्या शेवटी म्हणाल्या, "ती रविवारची तिकिटं कॅन्सल होतात का बघ बरं. फोन करावा लागेल. ते ह्यांची जन्मतारीख विचारतील."

नेत्रानं फोन उचलला होता.

"मला पाठ आहे, आई."