तिरकं गोठलेलं औषध

"अजून काहीच नाही!" चिमणीनं काचेच्या टाकीला नाक चिकटवलं. "आत्या, लंगड्याला पाय फुटणार तरी कधी?"

लंगड्या म्हणजे आत्याच्या प्रयोगशाळेतला सॅलॅमँडर, बेडकाचा लांबचा भाऊबंद. भांडणात टाकीतल्या दुसऱ्या सॅलॅमँडरनं त्याचा पुढचा पाय तोडला होता.

आत्या येरझाऱ्या घालत होती. "यांना पाय पुन्हा फुटतो गं. पण त्यासाठी नसेकडून रसायनाचा निरोप यावा लागतो, 'लागा कामाला!' म्हणून. याची नसच चिरडली आहे. तो निरोप मी औषधातून देतेय, पण पाय फुटायचं नाव घेत नाही. जखम पक्की बुजली की संपलंच. उद्या संध्याकाळपर्यंत बघते, नाहीतर प्रयोग बंद!"

ती गेली. चिमणीचा भाऊ ढब्बू फ्रीझर उघडून औषधाच्या कुप्या न्याहाळत होता.

"चिमणे, कुप्या उभ्या आहेत आणि आतलं औषध तिरकं गोठलंय!"

"म्हणजे मधे कधीतरी वितळलं आणि कुप्या कलंडलेल्या असताना पुन्हा गोठलं! कुणी बाहेर काढलं?"

"ओरडू नकोस! आधी पुरावा."

दोघांनी दोन टोपणांत पाणी गोठवलं आणि वर एकेक बटण ठेवलं. एक टोपण कुप्यांच्या ट्रेमधे, दुसरं फ्रीझरच्या कोपऱ्यात.

दुसरा दिवस सरता सरेना! संध्याकाळी ढब्बूनं आत्याला आणि तिच्या साहेबांना ओढतच आणलं. ट्रेमधलं बटण बर्फाच्या तळाशी गेलं होतं.

"वीज गेली असेल," साहेब घाईघाईनं म्हणाले.

"मग कोपऱ्यातलं बटण अजून वर कसं?" चिमणीनं दुसरं टोपण पुढे केलं. "फक्त ट्रेच बाहेर होता!"

साहेबांचा चेहरा उतरला. "सरबताची बाटली मावत नव्हती... जेवण होईपर्यंत ट्रे टेबलावर ठेवायचो. मग तिरका का होईना, परत आत कोंबला की पुन्हा गोठायचं ना सगळं!"

"अहो, असं सारखं वितळून पुन्हा गोठलं की त्यातलं निरोप देणारं प्रथिन बिघडतं!" आत्या कडाडली. "रोज मी याला बिघडलेलं औषध देत होते!"

साहेब स्वतः धावत जाऊन दुसऱ्या इमारतीतून ताज्या कुप्या घेऊन आले. जखम अजून पुरती बुजली नव्हती. आत्यानं लगेच औषध दिलं.

मग नुसती घालमेल! दोघं उठता बसता टाकीपाशी. आणि एका सकाळी चिमणी किंचाळली. तुटक्या पायाच्या टोकाला इवलीशी फुगीर कळी आली होती!

"शाबास, पोरांनो!" साहेब ओशाळून म्हणाले. "जे मला सुचायला हवं होतं, ते तुम्ही करून दाखवलंत."

आत्यानं दोघांना जवळ घेतलं. चिमणी मात्र सुटून पुन्हा काचेला चिकटली.

"आत्या, आता बोटं कधी?"