बिननावाची तक्रार

हे घडलेलं आहे. विश्वास ठेवाच, असा आग्रह धरण्याचा माझा स्वभाव नाही. बसमध्ये कुणाला 'जरा सरका' म्हणायचीही मला भीड वाटते. पण रचूनच सांगायचं असतं, तर मी याहून बरं काहीतरी रचलं असतं.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

स्वयंपाकघराला लागून माझी खोली. टेबलावर लॅपटॉप. पलीकडे सूनबाई भांडी विसळत होती.

मुलाची नोकरी गेल्यापासून आमचं घर तिच्या डब्यांवर चालतं. एका कार्यालयात दुपारचे डबे जातात. जेवण झालं की तिथली माणसं मोबाइलवर एक फॉर्म भरतात. नाव, चव कशी होती, काही तक्रार असल्यास ती. सगळी उत्तरं आपोआप एका शीटमध्ये येऊन पडतात. ती शीट सांभाळायचं काम माझं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून.

"बाबा, माणसांशी नाही तर नाही, निदान शीटशी तरी बोला," सूनबाई म्हणाली होती.

त्या दुपारी बाकीच्या ओळींच्या मधेच एक ओळ आली.

नाव नाही. प्रत्येक ओळीत वेळ आपोआप पडते... तीही नाही.

फक्त तक्रार. 'भातात केस निघाला. लांब. मुळाशी कातडी होती.'

मी ती ओळ दोनदा वाचली.

सूनबाई डोक्याला फडकं बांधल्याशिवाय ओट्याशी उभी राहत नाही. कुणाचा तरी चावटपणा, म्हणून मी ती ओळ पुसली. पुन्हा पाहिलं...

होती.

शीटमधून पुसलं तरी फॉर्ममध्ये मूळ उत्तर राहतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून फॉर्म उघडला. तिथे असं उत्तर कुणी दिलंच नव्हतं.

मी गडबडलो. रोजचं काम हातात घेतलं. नावं अकारविल्हे लावायची. त्या गडबडीत पूर्ण तक्त्याऐवजी फक्त नावांचा रकाना निवडला गेला. नावं हलली, तक्रारी जागच्या जागी राहिल्या.

माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई फोन ठेवून आत आली.

"बाबा, कार्यालयातल्या त्या रोखपालांच्या भातात केस निघाला म्हणे. टाळूच्या कातडीसकट! आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात कुणाची टाळू सुटलीय?" ती हसायला गेली, पण चेहरा रडवेला झाला. "त्यांचे साहेब म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर डबे बंद."

मी शीट उघडली. बिननावाची ती तक्रार रोखपालांच्या नावापुढे सरकली होती.

मी सरकवली होती.

योगायोग असेल. पुस्तकं फार वाचली की डोक्यात काहीही येतं.

मग दुसरी ओळ आली. वेळ नाही. नाव नाही...

'भाजीत नख. अख्खं. मांसासकट.'

पुसून ती जाणार नव्हती. नाव रिकामं ठेवलं, तर उद्या कुणाच्या डब्यात निघेल याचा नेम नव्हता.

तिथे मी माझं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. सूनबाई समोरच होती. पहिला घास... काही नाही. दुसरा...

जिभेला काहीतरी लागलं. एका बाजूने गुळगुळीत. दुसऱ्या बाजूने बुळबुळीत, लोंबणारं.

"काय हो बाबा? भाजी बिघडलीय का?"

तोंडातून काढलं असतं, तर तिने पाहिलं असतं. मी पाण्याबरोबर गिळलं.

"छान झालीय," म्हणालो.

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

त्या दिवशी कार्यालयातून एकही तक्रार आली नाही.

तेव्हापासून अशा ओळी येतात आणि मी माझं नाव लिहितो. नखांनंतर दात सुरू झाले. मला कवळी आहे. ते दात माझे नाहीत. एक किडका होता. त्याची चव अजून टाळ्याला आहे.

कुणाचे? कुणाला विचारू? कदाचित माझंच डोकं फिरलं असेल. तसं असतं तर फार बरं झालं असतं. पण रोखपालांच्या भातातला केस सगळ्या कार्यालयाने पाहिलाय.

साहेब खूश आहेत. डबे वाढलेत. सूनबाई गुणगुणत काम करते. मी वाळत चाललोय, म्हणून मला आग्रहाने वाढते.

आधी केस. मग नखं. मग दात. कुणीतरी थोडं थोडं करून येतंय...

आणि माझ्या पोटात साठतंय.

काल दुपारची ओळ अशी आहे : 'रश्श्यात गोल, मऊ काहीतरी. माझ्याकडे बघत होतं.'

मी नाव लिहिलंय.

"बाबा, ताट वाढलंय! रस्सा गरम आहे तोवर या बघू!"

जातो. न चावता गिळता येतंय का... तेवढंच बघायचं.