तिन्ही आकडे जुळले तेव्हा

ऑफिसात त्याला सगळे ‘त्रिवार’ म्हणत. इंटरनेटची तक्रार आली की एकदा वेग मोजून, सही घेऊन पळणारा हा गडी नव्हे. कंपनीचं अ‍ॅप, एक फुकटची साइट, ब्राउझरमधली चाचणी. तिन्ही तीन-तीनदा चालवायचा. तिघांचं एकमत कधीच होत नाही. कंपनीचं अ‍ॅप तर कंपनीचंच कौतुक करणार! म्हणून हा मधला आकडा खरा धरायचा.

त्या दुपारी तो गेला त्या घरात ताई एकट्याच राहत, घरूनच काम करत.

“दादा, रोज चारला माझं कामाचं बोलणं तुटतं. साहेबांनी बजावलंय, पुन्हा झालं तर काढून टाकतील. नोकरी गेली तर मी काय करू हो?”

“काळजी सोडा, ताई. आत्ता छडा लावतो.”

त्यानं टीव्ही, ताईंचा फोन, सगळं बंद करायला लावलं आणि आपला लॅपटॉप तारेनं जोडला. घरातून बाहेर जाणारा वेग मोजला. दहा, नऊ, आठ. नेहमीचीच भांडाभांडी. त्याला बरं वाटलं.

घड्याळात चार वाजले आणि आकडे पडले. चार, चार, चार.

अकरा वर्षांत तिन्ही आकडे जुळलेले त्यानं पाहिले नव्हते. पुन्हा मोजलं. चार, चार, चार. वेग असा अर्ध्यावर आला म्हणजे घरातून कुणीतरी व्हिडिओ पाठवत होतं. त्यानं राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. त्यात त्याचा लॅपटॉप होता, आणि खाली ‘आईचा टॅब’.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी कपाट उघडून स्वेटरांखालून टॅब काढला, त्याच्या हातात दिला. पडदा काळा, बटण दाबलं तरी ढिम्म. गारठलेला होता.

“आई जाऊन सात महिने झाले… तेव्हापासून चार्जच केला नाही. रोज चारला मावशीशी बोलायची यावरून. मावशीचं हृदय नाजूक, तिला आम्ही अजून कळवलंच नाही. आणि नवल म्हणजे, तिनं आईबद्दल एकदाही विचारलं नाही…”

“जुनं नाव राहिलं असेल यादीत,” असं म्हणत त्यानं त्या नावाचं इंटरनेट बंद केलं. लगेच दहा, नऊ, आठ. सुटलो बुवा, असं त्याला झालं.

ताईंनी फोन चालू केला, तोच वाजला. मावशीचा आवाज खणखणीत, त्यालाही ऐकू आला.

“अगं, तुझी आई बोलता बोलता गेली कुठे? कुणी माणूस आलाय म्हणे घरी, सगळं तीन-तीनदा मोजतो. हसत होती नुसती…”

ताई डोळे पुसून हळूच म्हणाल्या, “दादा, ते नाव… पुन्हा चालू करा.”

“अहो, पण तुमची नोकरी?”

“जाऊ दे. चालू करा.”

त्यानं चालू केलं. चार, चार, चार.

“हां, दिसली गं!” फोनवर मावशी म्हणाली.

टॅब अजून त्याच्याच हातात होता. पडदा काळाच होता, पण पाठ आता कोमट लागत होती.