पत्र्यामागचा हात

बाहेरून

धडक बसलेल्या गाडीचा पत्रा डोळ्यांनी बघायचा नसतो. डोळे फसतात. रंग चमकतो, उजेड हलतो आणि खड्डा असतो तिथे सपाट दिसतं. हातात सुती मोजा चढवायचा, तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवायचा आणि नजर भलतीकडेच ठेवायची. मग पत्रा आपणहून सांगतो कुठे दुखतंय ते. हे धाकट्याला दादानं शिकवलं. दादाला कुणी शिकवलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

दोघा भावांचं गॅरेज होतं. केस पांढरे झाले तरी गिऱ्हाइकं एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे म्हणत. धाकटा बाहेरून हातोडी मारायचा. दादा गाडीत शिरून, अंग मुडपून, पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा लावून धरायचा. मुठीत मावेल एवढाच, पण वजनाला भक्कम. मागे ठोकळा असला की हातोडीखाली पत्रा ‘टण्ण’ बोलतो. नसला की ‘धप्प’. हा फरक रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळेल.

“मारायला काय, कुणीही मारतं,” दादा म्हणायचा. “खरं काम धरणाऱ्याचं.”

“म्हणूनच तू आत आडवा पडतोस आणि घाम माझा निघतो.”

दोघांच्याही कानांवर गोंगाट अडवणारी टोपणं असायची, त्यामुळे कामात बोलणं चालायचं ते ठोक्यांनी. एक ठोका, थांब. दोन, धरलंय, मार. तीन, झालं, बाहेर ये. एक आणि दोन आतल्यानं द्यायचे. तीन मात्र बाहेरच्यानंच, कारण आतल्याला काही दिसत नाही. अंधारात ठोकळा लावून बसलेल्या माणसाला बाहेर काम संपलं की नाही, कसं कळणार? तीन येईपर्यंत त्यानं धरून राहायचं.

दादा अंगानं भारी. तो डिकीत शिरला की गाडी मागून दोन बोटं खाली बसायची, बाहेर आला की हुश्श करून वर यायची. त्यांची स्वतःची जुनी व्हॅन तर त्याला वैतागलेलीच होती. दादा पुढे शेजारी, वहिनी मागे, अशी स्वारी संध्याकाळी घरी निघाली की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर व्हॅनचा तळ घासायचा. खर्रर्र. रोज.

“पोट कमी कर, दादा.”

“कुणाचं? माझं का गाडीचं?”

आणि मागे वहिनी हसायच्या. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि त्यांना दर वेळी नवा.

मग दादा गेला. पहाटे, झोपेत, कुणाला न उठवता.

आता व्हॅन घासत नाही. गतिरोधक आला की धाकटा अजून वेग कमी करतो, आणि गाडी गुपचूप पार होते. तो न येणारा आवाज त्याला रोज ऐकू येतो.

गॅरेजमध्ये एक काम अर्धं राहिलं होतं. शिलाईवाल्या बाईंची निळी गाडी. चौकात डावीकडून धडक बसलेली. मागचं दार, दाराखालची पोकळ पट्टी आणि मागच्या चाकावरचा पत्रा, तिन्ही गेलेली. दार भावांनी नवं बसवलं होतं. चाकावरचा पत्रा ठोकत असताना, त्या शेवटच्या संध्याकाळी, दिवे गेले. “राहू दे दादा, उद्या बघू,” धाकट्यानं हाक मारली, आणि दादा कण्हत, गुडघा चोळत डिकीतून उतरला. काम संपलं नव्हतं, म्हणून तीन ठोके द्यायचा प्रश्नच आला नाही.

गॅरेज पुन्हा उघडल्यावर धाकट्यानं त्याच पत्र्यावरून तळवा फिरवला. एक खोलगट जागा राहिली होती. बशीएवढी. एकट्यानं कसं होईल, हे बघायला त्यानं हातोडी हलकेच टेकवली.

आतून

टण्ण.

बाहेरून

त्यानं डिकी उघडून पाहिली. आतलं अस्तर काढलेलं, उघडा पत्रा, कोपऱ्यात एक बोल्ट. ठोकळा बाकावर होता, दादानं ठेवला होता तिथेच, त्याच्यावर धूळ.

धाकटा घाबरट नव्हता. पत्र्यात ताण अडकला असेल तर आवाज बदलतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हातोडी ठेवली आणि हात धुवायला गेला. नळ बंद केला तेव्हा मागून ऐकू आलं.

आतून

ठक. ठक.

बाहेरून

उंदीर. नाही. डिकी त्यानं दिवा लावून कोपरान्‌कोपरा बघितली.

ऊन. नाही. गाडी सावलीत होती आणि ढग भरून आले होते.

विजेचं काही? गाडीत वीजच नव्हती. बॅटरीची तार पहिल्याच दिवशी सोडवून बाजूला बांधली होती. कारण छताच्या कडेला धडकेत फुगणारी हवेची पिशवी, एअरबॅग, असते; काम चालू असताना चुकून फुटली तर माणसाची मान मोडेल.

पट्टा, बिजागरी, सुटलेलं हत्यार. नाही, नाही, नाही.

मग तो उगाच लांब जाऊन उभा राहिला, आणि लांबून त्याला दिसलं की निळी गाडी मागून खाली बसली आहे. त्यानं उजवीकडचं चाक आणि कमान यांच्यामध्ये बोटं घालून बघितली, मग डावीकडची. टायरमध्ये हवा बरोबर होती. स्प्रिंगा धड होत्या. डिकी रिकामी होती.

दोन बोटं.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. घर खायला उठतं, म्हणून एकाच माणसाचा डबा घेऊन त्या एवढ्या लांब चालत यायच्या आणि रंगाच्या पालथ्या डब्यावर बसायच्या. धाकट्यानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. तो पहिला घास घेत होता. ठक, ठक.

वहिनींचा हात पाण्याच्या पेल्यावर थांबला.

“शेजारी काहीतरी ठोकतायत,” धाकटा म्हणाला.

“भाऊजी.”

“पत्रा आहे वहिनी, पत्रा वाजतो.”

“मला शिकवू नका. इतकी वर्षं मी याच डब्यावर बसलेय.” त्या उठल्या, गाडीजवळ गेल्या आणि तळवा पत्र्यावर टेकवला. मोजा न घालता. बराच वेळ. मग इतक्या साध्या आवाजात बोलल्या की जणू दारावरची घंटा वाजली होती आणि त्या बघून आल्या होत्या.

“हे आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून वहिनी सकाळीच यायला लागल्या. डबा पत्र्याशी ओढून बसायच्या आणि घरातलं सांगायच्या. मोरीचा नळ दुरुस्त झाला. तुमचा चष्मा सापडला, उशीच्या खोळीत होता. तुमची बहीण भांडून गेली, पण परत येईल. उत्तर एकच यायचं, दोन ठोके. धरलंय, मार. त्यांना तेवढं पुरायचं. त्या केस नीट विंचरून येऊ लागल्या होत्या.

धाकट्यानं त्या पत्र्याला हात लावला नाही. दाराखालच्या पट्टीचं काम काढलं. ती दिसायला पट्टी, पण खरं तर बंद पेटी असते. बाजूनं धडक बसली की आतल्या माणसाला वाचवते ती हीच. हा पत्रा तापवून सरळ करायचा नसतो. तापला की मऊ पडतो, आणि पुढच्या धडकेत कागदासारखा मिटतो. कापून नवाच घालावा लागतो. धाकट्यानं जुना कापला, कडा घासल्या, नवा लावून चिमटे आवळले. वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला.

आतून

ठक.

बाहेरून

एक.

त्यानं मुखवटा वर केला. वहिनी डब्यावरून अर्ध्या उठल्या होत्या.

चिमटे सोडवून त्यानं नवा पत्रा उतरवला आणि आतल्या आधाराच्या पट्टीवरून बोट फिरवलं. रंगाखाली, दार जिथे संपतं तिथे, नखाला काहीतरी अडलं. केसाएवढी चीर. दिव्यात दिसत नव्हती, बोटाला लागत होती. पेटी बंद केली असती तर ती कुणाला कधीच दिसली नसती. त्या जागेच्या वर शिलाईवाल्या बाईंची मुलगी बसायची.

“बघितलंत?” वहिनींचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. “अजून तुमच्यावर लक्ष आहे.”

धाकट्यानं आधाराची पट्टीही बदलली. वेल्डिंग केलं, पोकळीत गंज धरू नये म्हणून मेण सोडलं. रंग सोडला तर आता एकच गोष्ट उरली होती. बशीएवढी खोलगट जागा.

“चार ठोक्यांचं काम आहे, वहिनी.”

“मग राहू द्या.”

“गाडी गिऱ्हाइकाची आहे.”

“दुसरी गाडी बघून द्या त्यांना. काहीही सांगा. पण ती जागा तशीच ठेवा.” मग आवाज खाली आणून, “आणि तीन द्यायचे नाहीत, भाऊजी. तीन दिलेत तर तुमचं-माझं बोलणं संपलं. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.”

धाकट्यानं हातोडी खिळ्याला टांगली. त्यालाही ती टांगायचीच होती. दादाशिवाय बाहेर उभं राहणं त्याला तरी कुठे जमत होतं?

शिलाईवाल्या बाई आल्या त्या मुलीला कडेवर घेऊन. मुलीच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं.

“धाकटे, तुमच्या घरात दुःख झालं म्हणून मी गप्प बसले,” बाई म्हणाल्या. “पण हिला उचलून मी किती हिंडू? माझा कणा आहे की हँगर?”

“होईल बाई. रंग वाळत नाही या हवेत.”

“रंग? तो तर अजून लावलाच नाहीये तुम्ही.”

धाकटा मान खाली घालून हात पुसत राहिला. वहिनींनी उठून मुलीला आपल्या डब्यावर बसवलं. मुलगी चुळबुळ करायला लागली.

“दुखतंय का गं?” वहिनींनी विचारलं.

“मोडलंय तिथे नाही दुखत. एकसारखं तसंच ठेवायला लागतं ना, ते दुखतं. रात्री खूप दुखतं. हलवताच येत नाही.”

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर मागे गेली, निळ्या गाडीच्या खाली बसलेल्या मागच्या भागाकडे. चाकावर. कमानीवर. त्या दोन बोटांवर.

“बाई, परवा या,” त्या म्हणाल्या. “गाडी मिळेल.”

मायलेकी गेल्यावर वहिनी पालथ्या डब्यावर परत बसल्या. ऊन उतरत चाललं होतं. पत्र्याच्या छपरावर कुठलातरी पक्षी चालत होता.

“रोज रात्री मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावायचे,” वहिनी म्हणाल्या. “डिकीत पाय मुडपून बसावं लागतं, म्हणायचे, मग गुडघा उघडतच नाही. आणि मी इतके दिवस...”

त्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला.

“मी इथे बसून नळाच्या गोष्टी सांगतेय, भाऊजी. आणि ते धरून बसलेत.”

धाकट्यानं खिळ्यावरची हातोडी काढली. कानांवर टोपणं घातली नाहीत. पत्र्यासमोर उभा राहिला.

ठक, ठक, आतून.

त्यानं मारलं. टण्ण. जरा वर. टण्ण. कडेनं. टण्ण. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण डोळ्यांचं इथे कामच नव्हतं. शेवटचा मारला आणि मोजा घालून तळवा फिरवला. सपाट. कुठेही दुखत नव्हतं.

त्यानं हातोडी उलटी करून दांडा वहिनींपुढे धरला.

वहिनींना हातोडी कशी धरायची, माहीत नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

एक.

दोन.

मग त्यांनी कपाळ पत्र्याला टेकवलं. काहीतरी पुटपुटल्या, धाकट्यानं तोंड फिरवलं, ते त्याच्यासाठी नव्हतं.

तीन.

आतून

बाहेरून

गाडी मागून वर आली. सावकाश, कण्हत. दोन बोटं.

डिकीचं झाकण उघडंच होतं. दोघांपैकी कुणी आत वाकून बघितलं नाही.

धाकट्यानं पुन्हा हातोडी टेकवली. धप्प. मग हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, ठोकळ्यावरची धूळ झटकली, दिवे घालवले. वहिनींनी डबा धुऊन पिशवीत घातला. त्या रडल्या नाहीत. थकलेल्या दिसत होत्या, खूप लांबून चालत आल्यासारख्या.

रस्त्यावर

व्हॅनमध्ये वहिनी मागे बसल्या, सवयीनं. पुढची जागा रिकामी. बाहेर अजून उजेड होता. दुकानांतले दिवे लागत होते, पण त्यांची गरज पडत नव्हती. आता घरात वहिनी एकट्या, गॅरेजमध्ये आपण एकटे, आणि दोन ठोकेही नाहीत, एवढंच धाकट्याच्या मनात घोळत होतं. योग्य केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोनदा सांगितलं.

गल्लीचं तोंड आलं. त्यानं वेग कमी केला, रोजच्यासारखा.

पुढची चाकं चढली, उतरली.

आणि खालून आवाज आला.

खर्रर्र.

धाकट्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यानं शेजारी बघितलं नाही. आरशात बघितलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांच्या मांडीवर तेलाची छोटी बाटली होती. पिशवीतून कधी काढली कोण जाणे.

“सावकाश घ्या, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “गुडघा अजून उघडला नाहीये.”