खोली सांगणारा आवाज

सुईणबाईंना आणायला मी आणि मामा शिडाच्या होडीनं निघालो. ताईचे दिवस भरले होते. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी मामाला कसलीच जोखीम नको होती. वारा मनासारखा होता. भिण्यासारखं काही नव्हतं, आणि मी भ्यालोही नव्हतो.

सुईणबाईंचं गाव म्हणजे नारळीच्या सावलीतली थोडीशी घरं. समोर खाडीचं तोंड आणि पाण्याखाली वाळूचे उंचवटे. तिथं होडी रुतली की पुढच्या भरतीपर्यंत सुटका नाही. म्हणून मी पुढच्या टोकावरून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडायचो आणि खोली ओरडून सांगायचो. दोन हात पसरले की एक वाव, अशी आमची मोजणी. सुकाणूवरचा मामा तोच आकडा परत म्हणायचा, म्हणजे ऐकल्याचं मला कळे. मध्ये शीड असल्यानं आम्ही एकमेकांना दिसत नसू.

"मोठ्यानं बोल की! मुलगी बघायला आलायस का?" मामा ओरडला.

सुईणबाई चुलीवर कात्री उकळत होत्या. म्हणाल्या, "ओरडत आलात ना? इथपर्यंत ऐकू आलं. जाताना ओरडू नका. आमच्याकडे दोरी ओढून कळवतात, एक हिसका डावीकडे, दोन उजवीकडे."

"का हो मावशी, पाण्याला कान असतात?" मामा हसला.

कात्री फडक्यात गुंडाळून त्यांनी पिशवी उचलली.

परतताना तिन्हीसांज झाली. पाण्यावर कुजक्या शेवाळाचा वास दाटला होता. मामा सवय सोडणाऱ्यातला नाही. मी गोळा सोडला.

"दोन वाव!"

"दोन वाव!" मामा म्हणाला.

तळ वर येत होता. "एक वाव!"

आणि समोरच्या काळ्या पाण्यातून माझाच आवाज आला. मी जन्मात बोललो नसेन इतका ठणठणीत.

"तीन वाव!"

"तीन वाव!" मामानं होडी सरळ घातली.

"मामा, एक... एकच आहे!"

"मामा, तीन! चल पुढं!"

खाली वाळू खरवडली. होडी थरथरली. सुईणबाईंनी होडीतल्या एका दोरीचं एक टोक मामाच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला कळलं. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. माझे हात थरथरले नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो आवाज हाका मारत राहिला, आधी माझ्या आवाजात, मग मामाच्या... आम्ही तिघंही मुकाट. खाडी सुटली तशी हाक थांबली.

पहाटे किनाऱ्यावरच्या आमच्या घरात ताईला मुलगी झाली. चांगली ठणठणीत रडली. मामा तर टाळ्याच वाजवायला लागला. सुईणबाईंचा हात मात्र बाळाच्या तोंडाकडे झेपावला, पण उशीर झाला होता.

बाहेर, ओहोटीच्या पाण्यावरून, तेच रडणं आलं.

बाळ ताईच्या कुशीत केव्हाच गप्प झालं होतं. बाहेरचं थांबेना. सुईणबाईंनी दाराला कडी घातली आणि त्या तिथंच पाठ टेकून उभ्या राहिल्या.

ताईनं डोळे उघडले. कुशीकडे तिनं पाहिलंच नाही. दाराकडे हात पसरून म्हणाली, "असं काय करता... रडतेय ना ती. आत आणा की माझ्या लेकीला."