खोलीत जे होते त्यांचं गाणं

नॅशव्हिलमध्ये गाणी सकाळी लिहितात, नोकरीवर गेल्यासारखी. त्या दिवशीही मी कॉफीचा पेला आणि गिटार घेऊन गाण्यांच्या प्रकाशकाच्या तळघरातल्या खोलीत उतरले. खिडकी नाही; भिंतींवर आवाज गिळणारं जाड कापड. जोडीला वर्ल टॅकेट, तीस वर्षं गाणी लिहिणारा. या गावाचा एक नियम आहे : गाणं होताना खोलीत जो असेल त्याचं नाव गाण्यावर लागतं, त्याने एकच शब्द का सुचवलेला असेना.

गाणं माझ्या डॅडीवर होतं. मी लहान असताना तो केंटकीच्या कोळसा खाणीत मेला. मला गोड नाही, खरं गाणं हवं होतं.

वर्ल हसला. "पोरी, खरं लिहिणारे दर सोमवारी बसमधून उतरतात. शुक्रवारपर्यंत तेही प्रेमावर येतात."

शेवटची ओळ तयारच होती : क्षणात छत कोसळलं, त्याला काही कळलंच नाही. कंपनीच्या माणसाने आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून आईला हेच सांगितलं होतं. डॅडी आत एकटाच होता, म्हणाला. त्याला काही कळलं नाही.

गिटारच्या पोटावर बोटांनी ठेका धरून मी ती ओळ गायले. हात थांबवला. ठेका थांबला नाही. तो भिंतीतून येत होता.

"शेजारी कोण बसलंय?"

"भिंतीपलीकडे माती आहे," वर्ल हळूच म्हणाला.

तो दाराकडे गेला. मूठ फिरली, दार हललं नाही. आम्ही हाका मारल्या. कापडाने त्या गिळल्या. हवेत ओल्या कोळशाचा वास चढत होता, श्वास अपुरा पडत होता. गाणं संपवावं म्हणून मी तीच ओळ पुन्हा गायले. ठोके चिडल्यासारखे वाढले.

"माझा आजा खाणीत होता," वर्ल कुजबुजला. "अडकलेली माणसं अशी ठोकतात... वरच्यांना ऐकू जावं म्हणून. पोरी, ती ओळ... ती ओळ बदल."

त्याच ओळीच्या आधाराने मी आजवर झोपत आले होते. ती सोडली, तर डॅडी किती वेळ जागा होता, हे विचारावं लागणार होतं. छत कोसळलं त्या दिवशी खाणीच्या तोंडाशी आम्ही सगळे त्याच्यासाठी प्रार्थना गात उभे होतो. मोठ्याने.

मी गायले : वर आम्ही गात होतो, खाली तो ठोकत होता.

भिंत गप्प झाली. दार आपसूक सुटलं.

जिन्यात ऊन होतं. वर्लने तोंड पुसलं आणि सवयीने विचारलं, "नावं किती लावायची? तीन?"

काखेतली गिटार थरथरत होती. मी तिला कान लावला. आत एक ठोका जड होता, एक हलका, एक अगदी नखाने मारल्यासारखा. मग आणखी.

"मिस्टर वर्ल," मी म्हणाले, "हे ठोके एका हाताचे नाहीत..."