बागेचा फलक आणि तोरणाची दोरी

"अरे, आपला स्टंप कुठं गेला?" बॅट खांद्यावर टाकून माऊली मैदानाच्या मधोमध ओरडला.

"स्टंप कसा जाईल? लोखंडी खांब आहे तो!" शंतनु म्हणाला.

पण खांब खरंच नव्हता! वडजांबच्या मैदानात नगरपंचायतीनं एक फलक रोवला होता, 'उद्यानासाठी राखीव जागा'. उद्यान काही झालं नाही, पण फलकाच्या खांबाचा स्टंप मात्र झाला. चेंडू लागला की टण्ण असा आवाज यायचा. मग आउट की नॉट आउट, यावर भांडायची सोयच नव्हती.

ईश्वरी आणि शंतनु ही बहीणभावंडं परभणीची. दिवाळीची सुट्टी लागली की एसटीनं पालमला यायचं, तिथं गाडी बदलायची आणि आबांकडं वडजांबला पोचायचं. माऊली आबांच्या शेजारी राहायचा आणि दिवसभर यांच्याच घरात असायचा.

"नवरात्रात इथं दांडियाचा मंडप होता," माऊली डोकं खाजवत म्हणाला. "तो आत्ता कुठं काढला. आज पहिल्यांदाच खेळायलोत."

"तो बघा!" ईश्वरीनं बोट दाखवलं.

लांब नाल्याच्या कडेला, बाभळीच्या झुडपात फलक तिरका उभा होता. मागं चिखल आणि चिखलात लोळणारी डुकरं! एक माणूस घमेल्यातून चुन्याची फक्की टाकत फलकाभोवती रेघ मारत होता. तिघं पळत तिथं गेले.

"काका, काय करायलात?" माऊलीनं विचारलं.

"बागंला कुंपण पडायलंय. उद्या नगरपंचायतीच्या मॅडम नारळ फोडणार हायत."

"बाग? इथं? डुकरं झोके खेळणार हायत का?"

"फलक इथं हाय, म्हंजी बाग इथंच. मोजणी झाली."

"आणि आमचं मैदान?" ईश्वरीनं विचारलं.

"ते सूर्यभानरावांकडं गेलं. तिथं प्लॉट पडायलेत. सरक बाई, रेघ पुसायली तुझ्या पायानं."

ईश्वरी मागं सरकली. आजवर नाल्याकडची पडीक जमीन सूर्यभानरावांची आणि मैदान गावाचं, हे शेंबडं पोरही सांगायचं. एक फलक हलला आणि सगळं उलटं झालं!

मैदानाच्या कडेला एक कडुलिंब होता. आबा, म्हणजे चंद्रभान आजोबा, रोज संध्याकाळी त्याच्या बुडाशी येऊन बसायचे. झाड आजीनं लावलेलं. कमलबाई आजी धुण्याचं उरलेलं पाणी कळशीतून आणून त्याला घालायची. मागच्या उन्हाळ्यात आजी गेली. तेव्हापासून आबा घरात कमी आणि झाडाखाली जास्त असायचे. कुणाशी फार बोलायचे नाहीत. चपला काढून ठेवायचे आणि खोडाला पाठ लावून बसायचे.

ईश्वरीनं धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं. "आबा, मैदान गेलं तर हे झाड?"

आबांनी वर पाहिलं. "प्लॉटात झाड कोण ठेवतंय?"

"मग तुम्ही काहीतरी बोला ना!"

"मी बोललो तर कोण ऐकतंय पोरी? मोजणी झाली म्हणतेत. आपल्या हातात काय हाय?"

ईश्वरीला आबांचा राग आला. मग त्यांच्या तळहाताकडं लक्ष गेलं. बोलता बोलता ते खोडावरून हात फिरवत होते. तिचा राग कुठल्या कुठं गेला.

"चला रे, नगरपंचायतीत!" ती म्हणाली.

नगरपंचायतीत एक बाबू भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. माऊलीनं सगळं सांगितलं. बाबूंनी टरफलं ड्रॉवरमध्ये टाकली.

"मॅडम परभणीला मीटिंगला गेल्यात."

"मग तुम्ही सांगा ना काका," ईश्वरी म्हणाली. "फलक आधी मैदानात होता. कुणीतरी हलवला."

"कुणी?"

"ते माहीत नाही."

"आधी कुठं होता, दाखव बरं नेमकं."

मैदान तर मंडपाच्या मुरुमानं सपाट करून टाकलं होतं!

"बघा! फलक जिथं, बाग तिथं. पळा, दिवाळीचा फराळ करा." बाबूंनी पुढची शेंग फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीच्या घरघरीनं ईश्वरी जागी झाली. ती अनवाणीच धावली. मागून शंतनु, कुंपणावरून उडी मारून माऊली!

"थांबा! थांबा ना काका!"

ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं नाही. सूर्यभानराव बाजूला मोबाइलवर बोलत होते. माऊली यंत्रापुढं आडवा उभा राहिला, तर एका माणसानं त्याला काखेत उचलून बाजूला नेलं. शंतनु ओरडत राहिला. लोक जमले, "अरेरे" म्हणाले आणि बघत राहिले. लोखंडी पंजा खोडाला लागला. कडकड आवाज झाला आणि कडुलिंब मोडून आडवा झाला. फांदीवरच्या चिमण्या कुठं बसावं ते न कळून वर घिरट्या घालत राहिल्या.

आबा आले होते. झाडाखाली राहिलेली पाण्याची तांब्या-वाटी त्यांनी फांद्यांतून ओढून काढली. वाटी चेपली होती. ती सदऱ्यानं पुसत ते घराकडं गेले.

ईश्वरी बुंध्यापाशी मटकन बसली. ओरडून काही झालं नाही, सांगून काही झालं नाही. बारा वर्षांची मुलगी यापुढं काय करणार?

माऊली शेजारी येऊन बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आता पोळ्याचं तोरण कुठं बांधतील गं?"

"कसलं तोरण?"

"पोळ्याला बैलं इथंच उभी राहतेत की! आंब्याच्या पानांचं तोरण. एक टोक या झाडाला आणि दुसरं..." माऊली ताडकन उठला. "दुसरं फलकाच्या खांबाला!"

"दोरी कुठं आहे?" ईश्वरीनं त्याचा हातच धरला.

"मारुतीच्या देवळात! अंबाडीची जुनी दोरी हाय. आमच्यात ती तोडत न्हाईत, दरवर्षी तीच बांधतेत. दोन्ही टोकांना फास हायत. एक झाडात अडकवायचा, एक खांबात. बस्स, ताणून बसते!"

"म्हणजे दोरी जेवढी, तेवढ्याच अंतरावर खड्डा!" ईश्वरी ओरडली.

"पण कुठल्या दिशेला?" शंतनु म्हणाला. "दोरी तर गोल फिरेल."

"मग फिरवू गोल! जमीन खोटी बोलते का बघू. माऊली, दोरी आण. शंतनु, घरून पहार!"

नारळ फोडायला मुख्याधिकारी मॅडमची जीप आली, तेव्हा मैदानात विचित्रच खेळ चालला होता. दोरीचा एक फास बुंध्याच्या राहिलेल्या खुंटात अडकवलेला. दुसरं टोक ताणून धरत ईश्वरी पावलापावलानं सरकत होती. ती थांबली की शंतनु पहार मारायचा. खण्ण! पुढं. खण्ण! पुढं.

"हा काय तमाशा लावलाय?" सूर्यभानराव ओरडले. "हुसकवा रे या पोरांना!"

"तमाशाच हाय काका! तिकीट न्हाई, बघा फुकट!" माऊली दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

लोक हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "थांबा. काय शोधताय तुम्ही?"

"बागेचा खड्डा, मॅडम," ईश्वरी म्हणाली. "फलक आधी होता तिथला."

पुन्हा खण्ण. पुन्हा खण्ण. ईश्वरीच्या हाताला दोरी काचत होती. अर्धा फेरा झाला. सूर्यभानरावांनी घड्याळ पाहिलं. आणि मग, भस्स! पहार वीतभर आत गेली!

"लागला!" शंतनु किंचाळला.

तिघांनी हातांनी मुरूम उपसला. खाली सिमेंटचा फुटका गोल निघाला. त्याच्या मधोमध खांबाएवढं भोक होतं.

गर्दीतून भागवत मंडपवाला मान खाली घालून पुढं आला. "मॅडम, मीच काढला होता. फलक दांडियाच्या मधातच यायला लागला. पोरांनी तो नाल्याकडं नेऊन टेकवला. नंतर परत लावीन म्हणलं, ते राहूनच गेलं."

मॅडमनी जीपमधून सोबत आलेल्या मोजणीवाल्याकडं पाहिलं. "तुम्ही मोजणी कशावरून केली?"

"फलकावरून, मॅडम."

"आणि नगरपंचायतीच्या आराखड्यावरून?"

मोजणीवाल्यानं मागं उभ्या असलेल्या बाबूंकडं पाहिलं. बाबू खिशात रुमाल शोधायला लागले. मॅडमनी सूर्यभानरावांना विचारलं, "झाड तोडायची परवानगी कुणी दिली?"

"मला वाटलं, आता जागा माझीच हाय..."

"कुंपण थांबवा. मोजणी नव्यानं होईल. तुम्हाला दंड होईल."

"मॅडम," ईश्वरीनं विचारलं, "दंड झाला की झाड येतं का?"

हातातला नारळ मॅडमनी तसाच जीपमध्ये ठेवला.

सुट्टी संपण्याआधी नवी मोजणी झाली. मैदान बागेचंच निघालं! फलक जुन्या जागी पक्का बसला. मॅडमनी सगळ्या गावासमोर तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांनी डोळे मिटले होते, या मुलांनी उघडले," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. बाबूंनी स्वतः पेढे वाटले. भागवतकाकांनी पुढच्या वर्षी क्रिकेटसाठी फुकट मंडप कबूल केला.

"त्या मंडपासाठी आमचा स्टंप काढू नका म्हंजी झालं!" माऊली म्हणाला आणि पुन्हा हशा झाला.

ईश्वरीला हसू येईना. टाळ्यांमध्ये आबा नव्हते. ती बुंध्यापाशी गेली. आबा चपला काढून तिथंच बसले होते आणि तोरणाची दोरी गुंडाळत होते.

"शाबास गं," ते म्हणाले. "तुझी आजी असती तर गावभर सांगत फिरली असती."

"पण झाड नाही वाचवता आलं, आबा."

"न्हाई आलं." आबांनी दोरीचा एक वेढा घेतला. "मला तरी कुठं वाचवता आलं काही?"

ते झाडाबद्दल बोलत होते की आजीबद्दल, हे ईश्वरीनं विचारलं नाही. ती शेजारी बसली. टेकायला आता खोड नव्हतं, म्हणून दोघं एकमेकांना टेकून बसले.

"पोळ्याला तोरणाचं हे टोक कुठं बांधायचं आता?" तिनं विचारलं.

"बांधायचं कशाला? मी उभा राहीन की धरून."

"हात भरून येतील, आबा. किती बैलं जातात खालून!"

"मग तू ये परभणीहून," आबा म्हणाले. "पाळीपाळीनं धरू."